टाइल्सच्या जाहिरातीत माझी पाठ कशाला?

प्रश्न: ताई, मी 23 वर्षांची, मूळची नाशिकची, मुंबईत मॉडेलिंग करते. मध्यंतरी टाइल्सच्या जाहिरातीचं शूट होतं, कोऑर्डिनेटरने व्हॉट्सअ‍ॅपवर साडी आणि कुर्ता असं कळवलेलं, सेटवर गेले तर बॅकलेस गाऊन हातात दिला. नको म्हटलं तर म्हणे सगळं युनिट खोळंबलंय, लॉस कोण भरणार? घातला शेवटी. आता तेच फोटो भलत्याच प्रॉडक्टच्या होर्डिंगवर आलेत, पेमेंट अजून नाही, विचारलं तर कोऑर्डिनेटर म्हणतो क्लायंटला एकदा डिनरला भेट, सगळं सुटेल. घरी कळलं तर आई परत ये म्हणेल. मला काम सोडायचं नाहीये. काय करू?

उत्तर: अगं, सोडायचं कशाला? काम तुझं आहे, आणि गाऊन घातलास म्हणून तुझं काहीच चुकलेलं नाही, पन्नास माणसं घड्याळ दाखवत उभी असली की नाही म्हणणं किती जड जातं हे सेटवर उभं राहिलेल्या प्रत्येक मुलीला माहितीये.

आधी ते डिनरचं. कामाचे पैसे देण्यासाठी अशी अट घालणं हा लैंगिक छळ आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या अशा छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त ऑफिसात पगारावर असलेल्या बायकांचा नाही, रोजंदारीवर, कॉन्ट्रॅक्टवर, एजंटमार्फत आलेल्या बाईलाही तो लागू होतो. एजन्सीत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असेल तर तिथे जा, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून वाट बघू नकोस. पुढचं बोलणं फोनवर करूच नको, सगळं मेसेजवर, आणि साडी-कुर्त्याचा तो मेसेज, कॉल शीट (शूटची वेळ-जागा लिहिलेला कागद), होर्डिंगचा फोटो आजच जपून ठेव.

होर्डिंगचं म्हणशील तर सेटवर घाईघाईत सही केलेला रिलीज फॉर्म, म्हणजे फोटो वापरायची परवानगी देणारा कागद, किंवा व्हाउचर असेल, त्याची कॉपी माग. कुठलं प्रॉडक्ट, कुठल्या माध्यमात, किती काळ हे त्यात काय लिहिलंय त्यावर पुढचं ठरतं. वकिलाची नोटीस लागेल, आणि त्याचे पैसे नाहीत म्हणून थांबू नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि टाइल्सना बाईची उघडी पाठ लागते कशाला, हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाहीच. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, जून 2022 मध्ये याच्यावर नियम काढले, प्रॉडक्टशी काही संबंध नसताना बाईचं शरीर असं वापरणं त्यात बसत नाही. तक्रार कोणीही करू शकतं, मॉडेलच हवी असं नाही, म्हणजे वाचणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा. 1986 चा बायकांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्धचा कायदाही आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 2000 रुपयांपर्यंतच, कैदेची तरतूद असली तरी एवढ्या दंडाने मोठ्या ब्रँडला काय फरक पडणार, याची मला खरंच चीड येते.

पुढच्या वेळी कपडे, पोज, वापराचा काळ आणि पेमेंटची तारीख मेलवर आल्याशिवाय घरातून निघू नको. एकदोन कामं हातची जातील, जाऊ देत. आणि आईला सांगच, तिला बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.