आई-वडिलांना घेऊन दोन दिवस रत्नागिरीला जायचं आहे. आई शाकाहारी आहे, वडील मासे खातात. कुठे फिरावं, काय खावं आणि निवांत कुठे बसावं?

पहिलं म्हणजे मुक्काम रत्नागिरी शहरातच करा. बहुतेक मंडळी गणपतीपुळ्यात खोली घेतात आणि आमची रत्नागिरी गाडीच्या काचेतून बघून निघून जातात. आरे-वारेच्या रस्त्याने पुळं साधारण पंचवीस किलोमीटर. सकाळी लवकर निघालात तर दर्शन उरकून जेवायला शहरात परत. जाताना आरे आणि वारे या दोन किनाऱ्यांच्या मधल्या चढावर गाडी थांबवा. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे पाण्याचा रंग खरा दिसतो. संध्याकाळी तिथे सूर्य डोळ्यांत आणि गर्दी रस्त्यावर. पुळ्याच्या समुद्रात मात्र गुडघ्याच्या वर जाऊ नका, तिथली ओढ फसवी आहे. दर वर्षी लोकांना सांगावं लागतं आणि दर वर्षी कोणीतरी ऐकत नाही.

शहरात थिबा राजवाडा चुकवू नका. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. तो जवळजवळ तीस वर्षं रत्नागिरीत होता, पण हा वाडा तयार होऊन तो राहायला आला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये वारलाच. म्हणजे नाव राजवाड्याचं असलं तरी नजरकैदेची बहुतेक वर्षं भाड्याच्या बंगल्यांतच गेली. आत आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, म्हणून सोमवार टाळा. तिथून जवळच थिबा पॉइंट. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे समुद्र. वडिलांना इतिहासाची आवड असेल तर टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि 1931 सालचं पतितपावन मंदिर ही दोन्ही गावातच आहेत, एका सकाळीत होतात.

रत्नदुर्ग, म्हणजे आमचा भगवतीचा किल्ला, संध्याकाळसाठी ठेवा. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या आहेत. आईचे गुडघे कुरकुरत असतील तर हळूहळू चढा. तटावरून एका बाजूला मिरकरवाडा बंदर दिसतं. बोटी लागलेल्या असतील तर उतरताना बंदरावरही एक फेरी मारा. लिलाव, बर्फ, टोपल्या, आरडाओरडा, सगळं बघण्यासारखं. वास सोसत नसेल तर आईंना गाडीतच बसू दे.

आता जेवण. हॉटेलांची नावं देत नाही, कारण आचारी बदलला की चव बदलते. साध्या खानावळीत जा आणि मेनू कार्ड न बघता ‘आज ताजं काय आलंय?’ एवढंच विचारा. सुरमई आणि पापलेट पर्यटकांसाठी सगळीकडे असतंच. माझं मत विचाराल तर बांगड्याचं तिखलं आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोबत तांदळाची भाकरी. वर सोलकढी, पण पुड्यातली नाही, नारळाच्या रसातली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत ‘फ्रेश सुरमई’ची पाटी दिसली तर दोनदा विचार करा, त्यापेक्षा सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची आमटी मागा.

आईंची आबाळ होणार नाही. कोकणातलं शाकाहारी जेवण लोकांना कमी माहीत आहे एवढंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूंची उसळ मिळाली पाहिजे, नाहीतर फेरी अर्धी फुकट. एरवी डाळिंब्यांची (सोललेल्या वालांची) उसळ, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, घावणे आणि उकडीचे मोदक. मोदक बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. हापूससाठी मार्चमध्ये घाई करू नका, दर चढे असतात. एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत थांबलात तर खिसाही सावरतो.

निवांत बसायचं तर भाट्ये. सुरूचं बन आहे, वाळू लांबच लांब, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फारसं कोणी नसतं. टोकाला झरीविनायकाचं देऊळ आहे, आई खूश होतील. मांडवीची वाळू काळी आणि माणसांची वर्दळ. तिथे जेट्टीवर भेळ खात सूर्य बुडताना बघायचा. दोन्ही करा, पण झोप काढायची असेल तर भाट्येच.

गाडीने येणार नसाल तर लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं स्टेशन गावाबाहेर आहे. रात्री उतरणार असाल तर रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. दोन दिवस फिरायला एकच रिक्षा बोलून घेतलीत तर स्वस्त पडतं, आणि मोदक कुठे सांगून ठेवायचे ते रिक्षावालेच चांगलं सांगतात.