बंदरावरचा पगार आणि घरातलं सोनं

२०२५ च्या दिवाळीनंतर नेरूळच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. थोडक्यात ते असं:

'मॅडम, माझे मिस्टर न्हावा-शेव्याला एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे निर्यातदारांचा माल जहाजानं पाठवून देणाऱ्या, कंपनीत एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघतात. वय ४७. त्यांचा हातात येणारा पगार ९२ हजार, माझा ३८ हजार. घरकर्ज ३१ लाख बाकी, हप्ता ३५ हजार. घरखर्च ५० हजारांच्या आसपास. दोघांच्या नावावर मिळून इक्विटी म्युच्युअल फंडांत ३८ लाख झालेत, त्यातले आम्ही भरलेले २२ लाख. महिन्याला २५ हजारांची एसआयपी चालू आहे. एफडी तीन लाखांची. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, २०२७ च्या पावसाळ्यानंतर तिला एमएससाठी जर्मनीला जायचंय. ह्यांचं म्हणणं, युक्रेन, इराण, तैवान, सगळीकडे पेटलंय. उद्या मोठं युद्ध झालं तर शेअर बाजार मातीत जाईल, तेव्हा सगळे फंड विकून सोन्याची बिस्किटं घेऊ. माझ्याकडे लग्नातलं आणि नंतर केलेलं मिळून २२ तोळे आहे. दिवाळीपासून घरात रोज हाच विषय. काय करू?'

ताई, तुमच्या मिस्टरांची भीती मला खरी वाटते. जगाची भांडणं आपल्याला टीव्हीवर दिसतात, त्यांना ती रोज टेबलावरच्या कागदांवर दिसतात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी, गाझातल्या युद्धाचं कारण देऊन, लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि न्हावा-शेव्याहून युरोपला जाणारा माल सुएझ सोडून थेट आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला. दहा ते चौदा दिवस जास्त, इंधन जास्त, विमा जास्त. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं; त्यातलं निम्मं, म्हणजे २५ टक्के, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. कोळंबी, कपडे, हिरे, गालिचे असा बराच माल त्यात सापडला. हे सगळं ज्याच्या हातून जातं त्याला रात्री झोप न लागणं साहजिक आहे.

सोन्याबद्दलही त्यांचं अर्धं बरोबर आहे. २०२२ साली युक्रेनवर हल्ला झाल्यावर अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी गोठवली. ते बघून बाकीच्या देशांनी ओळखलं की डॉलरमध्ये ठेवलेला पैसा भांडणाच्या दिवशी आपला राहीलच असं नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं देशात आणलं. तेव्हा सोनं उगाच चढलेलं नाही, त्यामागे मोठ्या सत्तांचा एकमेकांवरचा अविश्वास आहे आणि तो लवकर ओसरेल असं मलाही वाटत नाही.

पण म्हणून सगळं विकून बिस्किटं घ्यायची, याला माझा स्पष्ट नकार आहे.

युद्ध आणि शेअर बाजार यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियन रणगाडे युक्रेनमध्ये शिरले त्या दिवशी, सेन्सेक्स २,७०० अंकांनी पडून साडेचोपन्न हजारांवर बंद झाला. माझ्या ठाण्याच्या ऑफिसात दुपारपर्यंत फोन ठेवायला उसंत नव्हती. नौपाड्यातल्या एका निवृत्त काकांनी, मी किती सांगितलं तरी, त्याच दिवशी सगळं विकलं. त्या डिसेंबरात सेन्सेक्स साठ हजारांच्या वर होता आणि काका अजून बाहेरच होते, कारण विकण्याचा दिवस भीती ठरवते, परत घ्यायचा दिवस कुणीच ठरवून देत नाही. कारगिलच्या महिन्यांत, १९९९ साली, बाजार चढला होता. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर १० तारखेला शस्त्रसंधी झाली आणि सोमवारी, १२ तारखेला, सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ तीन हजार अंकांनी वर गेला. आदल्या शुक्रवारी विकून मोकळे झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

आपल्या बाजाराला युद्ध पोचतं ते बहुतेक वेळा तेलाच्या वाटेनं. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. तेल महागलं की रुपया घसरतो, महागाई वाढते, मग व्याजदर खाली यायचे थांबतात. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण बारा दिवस लढले, अमेरिकेनं इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, ब्रेंट जातीचं कच्चं तेल पिंपाला ८० डॉलरच्या जवळ गेलं आणि शस्त्रसंधी होताच पुन्हा ७० च्या खाली आलं. होर्मुझ खरोखर कित्येक महिने बंद राहिली तर गोष्ट वेगळी असेल, आणि तेव्हा फंड पडतील हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. पण ज्या पैशाला दहा-बारा वर्षं हात लावायचा नाही, त्यानं ते सोसावं. तो त्यासाठीच तिथे आहे.

आता सोन्याचा हिशेब. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर नोव्हेंबर २०२५ च्या भावानं तुमचे दागिने २५ लाखांच्या घरात जातात. फंड ३८, एफडी ३, सोनं २५. म्हणजे राहतं घर सोडून तुमच्याकडे जे आहे, त्यातले शंभरातले ३८ रुपये आजच सोन्यात आहेत. तुमच्या मिस्टरांना हवी असलेली ढाल तुमच्या कपाटात, किंवा लॉकरमध्ये, वीस वर्षांपासून आहे. ती त्यांना दिसली नाही, कारण बायकोच्या अंगावरचं सोनं आपल्याकडे पुरुष हिशेबात धरत नाहीत. ते मोडायचं नाही हे मलाही कळतं. ते तुमचं स्त्रीधन आहे आणि तसंच राहू दे. पण अगदी अडलं तर त्यावर तारण-कर्ज मिळतं, पाच लाखांवरचं कर्ज असेल तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत. ही दुसऱ्या फळीची मदत आहे हे लक्षात असू द्या.

शिवाय सोनंही रुसतं. २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव साधारण ३१ हजार होता, २०१८ सालीही त्याच्याच आसपास. सहा वर्षं, आणि मधल्या काळात त्याहून खाली. २०२५ च्या लक्ष्मीपूजनालाच, २१ ऑक्टोबरला, जागतिक बाजारात सोनं एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त घसरलं; कित्येक वर्षांतल्या मोठ्या घसरणींपैकी ती एक. त्याच महिन्यात त्यानं पहिल्यांदा औंसाला चार हजार डॉलर ओलांडले होते. राम मारुती रोडवर धनत्रयोदशीला रांगेत उभं राहून घेतलेलं वळं चार दिवसांत स्वस्त झालं.

आणि फंड विकून बिस्किटं घेण्याचा खर्च बघा. १६ लाखांचा नफा आहे. अशा नफ्यावर दरवर्षी मिळणारी दोघांची सव्वा-सव्वा लाखाची करसूट वजा करून उरलेल्यावर साडेबारा टक्के कर आणि सेस, म्हणजे पावणेदोन लाख. मग सोन्यावर तीन टक्के जीएसटी, एक लाखाच्या वर. भाव एक रुपयाही न हलता दोन लाख ऐंशी हजार गेले. परत विकताना सराफ जी घट धरेल ती निराळीच.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. तुमच्या घराला युद्धाची झळ लागायची तर ती आधी मिस्टरांच्या पगाराला लागेल, फंडांना नंतर. घरात येणाऱ्या १ लाख ३० हजारांतले ९२ हजार एकाच दरवाजातून येतात आणि तो दरवाजा समुद्राकडे उघडतो. अमेरिकेचं शुल्क चढं राहिलं तर निर्यातदार कमी कंटेनर भरतील, आणि कंटेनर कमी तर फॉरवर्डरची कामं कमी. एक गोष्ट मात्र मिस्टरांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल: उलटं झालं तरी त्यांचा धंदा हलतो. १० ऑक्टोबर २०२५ ला गाझात शस्त्रसंधी झाली. ती टिकली आणि जहाजं पुन्हा सुएझमधून जायला लागली, तर लांबच्या वळशात अडकलेली जहाजं मोकळी होतील आणि भाडी उतरतील. भाड्यावर मार्जिन कमावणाऱ्या कंपनीला तेही दुखतं. युद्ध वाढो की थांबो, तुमच्या घरची उलाढाल त्या एका धंद्याला बांधलेली आहे.

समजा, उद्या त्यांची नोकरी गेली. हप्ता आणि घरखर्च मिळून ८५ हजार, तुमचा पगार ३८. महिन्याला ४७ हजार कमी पडतील. तीन लाखांची एफडी सहा महिने आणि वर थोडे दिवस पुरेल. सत्तेचाळिसाव्या वर्षी, सगळा धंदाच मंदीत असताना, सहा महिन्यांत तेवढ्याच पगाराची नोकरी मिळेल असं मी तरी धरणार नाही.

म्हणून फंड विकायचे, पण सगळे नाहीत, आणि सोन्यासाठी नाहीत. आधी पाच लाख काढून त्याच एफडीच्या जोडीला ठेवा, दोन वेगवेगळ्या बँकांत. एका बँकेत व्याज धरून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीलाच विमा असतो. आठ लाख झाले की तुमच्या हातात सतरा महिने येतात. सतरा महिन्यांत माणूस घाबरून मिळेल ती नोकरी धरत नाही. पैसे मोकळे आहेत म्हणून कर्ज फेडायचा मोह होईल, तो टाळा. बँकेला दिलेले पैसे नोकरी गेल्यावर परत मागता येत नाहीत. फक्त एक तपासा: रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बाकीच्या बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आणला. तेवढी कपात तुमच्या कर्जात उतरली आहे का ते बँकेकडून लेखी घ्या.

दुसरी विक्री मुलीसाठी, आणि इथे जगाच्या राजकारणानं तुम्हाला आधीच गाठलं आहे. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो (२०२५ चा आकडा) ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठराविकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये युरो ८८-८९ रुपयांना होता, तेव्हा ते साडेदहा लाख होत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरो १०२ च्या पुढे होता, तेच बारा लाखांच्या वर गेले. बाजार न पडता, युद्धाची एक गोळी इथे न येता, दहा-अकरा महिन्यांत दीड लाखाचा खड्डा. मी तुमच्या जागी असते तर ११० चा भाव धरून १३ लाख आणि तिकीट-कागदपत्रांचे एक, असे १४ लाख मोजले असते. हे पैसे दोन वर्षांच्या आत लागणार आहेत. एवढ्या जवळचे पैसे शेअरांत ठेवूच नयेत, जगात कितीही शांतता असली तरी. ते २०२७ च्या जूनपर्यंतच्या एफडीत जाऊ देत.

एकूण १९ लाख विकायचे, म्हणजे निम्मे. एकदम नको. पाच लाख बचतीचे आणि पाच मुलीचे ३१ मार्चच्या आत, उरलेले नऊ एप्रिलमध्ये, दोन्ही वेळा थोडे तुमच्या नावावरचे आणि थोडे त्यांच्या. दोन माणसं आणि दोन आर्थिक वर्षं, त्यामुळे सव्वा लाखाची सूट चार वेळा मिळते. सरासरीनं आठ लाखांचा नफा धरला तर त्यातला पाच लाखांचा वाटा असा करातून सुटतो आणि कर चाळीस हजारांच्या आत राहतो. आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात, त्यामुळे प्रत्यक्षात नफा आणि कर सरासरीहून जास्त निघेल, पण घेऊन वर्षही न झालेल्या युनिटांवरचा २० टक्के कर लागायचा नाही.

उरलेले १९ लाख आणि २५ हजारांची एसआयपी ही तुमच्या दोघांच्या म्हातारपणाची. तिला हात नको. मिस्टरांचं मन अगदीच मानत नसेल तर त्या २५ हजारांतले तीन हजार गोल्ड ईटीएफच्या, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणाऱ्या, फंडात वळवा. घरातली शांतताही मोलाची आहे आणि तीन हजारांनी काही बिघडत नाही. बिस्किट मात्र नको.

पत्रात मेडिक्लेमचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा कंपनीचाच असेल. तो नोकरीबरोबर जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. नोकरी चालू असतानाच तिघांची स्वतंत्र पॉलिसी काढा, कारण आधीच्या आजारांना विमा लागू होण्याआधीची प्रतीक्षा आजपासून मोजली जाईल, नोकरी गेल्या दिवसापासून नाही.

आणि मिस्टरांना एक काम सांगा, ते माझ्याकडून आहे असं सांगा. संध्याकाळी उरण लोकलनं नेरूळला परतताना त्यांनी एका कागदावर लिहावं: त्यांच्या कंपनीचे मोठे दहा निर्यातदार कोण, त्यातले अमेरिकेला माल पाठवणारे किती, आणि ऑगस्टपासून कुणाचे कंटेनर किती कमी झाले. हे आकडे कुठल्याही वाहिनीवर मिळणार नाहीत, त्यांच्याकडे आहेत. निम्म्याहून जास्त काम अमेरिकेचं निघालं तर आठ लाखांचे दहा करा, जास्तीचे दोन लाख एप्रिलच्या विक्रीतून घ्या, आणि दुसऱ्या नोकरीचा शोध आत्तापासूनच, पगार चालू असताना, सुरू करायला सांगा. तो कागद मार्चच्या आधी मला पाठवा, मग एप्रिलचा आकडा आपण मिळून ठरवू.