बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, तरी गाडी सेल्फ घेत नाही: बॅटरी बदलावी की सेल्फ?

आपण लिहिता की चावी फिरवल्यावर नुसता 'कट्' असा आवाज येतो. एक मित्र बॅटरी बदलायला सांगतो, तर दुसऱ्याने केबलचा विद्युत अडथळा मल्टीमीटरने ओहमवर मोजून शून्य आल्यामुळे सेल्फलाच (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरलाच) दोष दिला आहे. माझ्या मते आज दोघांपैकी कोणाचेच ऐकून खर्च करू नये, कारण बॅटरीचे १२.६ व्होल्ट आणि केबलचा शून्य ओहम ही दोन्ही मापे सेल्फचा मोठा प्रवाह केबलमधून वाहत नसताना घेतलेली आहेत.

सांगलीत आम्हा हौशी मंडळींमध्ये नेमका हाच वाद आठवडाभर चालला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी गाडी गावभागात पाण्यात उभी राहिली, दुरुस्तीनंतर नीट चालली आणि पुढच्या पावसाळ्यात सेल्फ घेईनाशी झाली. केबल निर्दोष आहे, असे मीच ओहमचे माप दाखवून ठासून सांगत होतो. शेवटी आमच्यातल्या ज्येष्ठ वायरमनकाकांनी मीटर डीसी व्होल्टवर ठेवायला लावला, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष खांबावर) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरले आणि मला सेल्फ मारायला सांगितला. मीटरवर १.८ व्होल्ट आले, म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेतच वाया जात होते. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त मानतात. बॅटरीचा मायनस इंजिनला जोडणाऱ्या अर्थ केबलचे रबर ब्लेडने चिरल्यावर दिसले, की वरून धडधाकट वाटणाऱ्या त्या केबलच्या तारा लगजवळ (टोकाच्या धातूच्या कडीजवळ) हिरव्या पडून बोटाने चुरत होत्या.

ओहमच्या मापाने हे का दाखवले नाही, याचा हिशेब साधा आहे. सेल्फने १२० अँपिअर घेतले असे धरले, तर १.८ व्होल्ट वाया जायला केवळ ०.०१५ ओहम अडथळा पुरतो, आणि आपल्या साध्या मीटरवरचा ओहमचा शेवटचा आकडा ०.१ चा असतो. एखादी शाबूत तार उरली असली, तरी मीटरला केबल चांगलीच दिसते.

तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, असेच माप प्लसच्या बाजूनेही घ्यावे: बॅटरीचा प्लस खांब ते सेल्फवरचा जाड केबलचा बोल्ट. त्यानंतर सेल्फ मारत असतानाच बॅटरीच्या दोन्ही खांबांवर व्होल्ट पाहावेत. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी तेव्हा ९.६ च्या खाली घसरली, तर पहिल्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य असू शकते, मात्र आधी त्या बॅटरीची लोड टेस्ट (मोठा प्रवाह ओढून केलेली तपासणी) करून घ्यावी, कारण आतून जाम झालेला सेल्फही इतका प्रवाह ओढतो, की चांगल्या बॅटरीचे व्होल्टही घसरतात. व्होल्ट टिकून राहिले, दोन्ही केबलींवरची घट अल्प निघाली आणि चावीकडून सेल्फला येणाऱ्या बारीक वायरीलाही पुरेसे व्होल्ट मिळत असले, तर सेल्फ उतरवायला हरकत नाही.

एक सल्ला मात्र कोणी कितीही अनुभवाने दिला तरी मानू नये: इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहणे. बॅटरी चार्ज करायला डायनामो असलेल्या जुन्या गाड्यांत ते खपून जात असे; त्याऐवजी अल्टरनेटर असलेल्या आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि इंजिनचा कंट्रोल युनिट निकामी होऊ शकतो.