‘सिंपल’ सासरे आणि ‘सिली’ पुण्यात्मे

इंग्लंडात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांचे सासरे सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेत. वय ७२, सहकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त, खाणंपिणं मोजकं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारच्या इंग्रज बाईंनी चौकशी केली तेव्हा ताई कौतुकाने म्हणाल्या, ‘ही इज अ व्हेरी सिंपल मॅन.’ बाई क्षणभर गप्प झाल्या, मग ताईंच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, ‘सो नाइस ऑफ यू टु लुक आफ्टर हिम.’ त्या दिवसापासून त्या सासऱ्यांशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून आणि भरपूर मोठ्याने बोलतात. ताई विचारतात, माझं इंग्रजी कुठे चुकलं? आणि ‘साधा’ या अर्थाचा शब्द ‘मंदबुद्धी’पर्यंत पोचलाच कसा?

ताई, व्याकरणात काही चुकलं नाही. आपल्याकडे ‘सिंपल’ हा नुसता कौतुकाचा शब्द आहे. स्थळाच्या जाहिरातीत ‘सिंपल, होमली’ मुलगी लागते, वक्ते ‘सिंपल लिव्हिंग’ सांगत असतात. ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द एखाद्या माणसाला थेट लावला की ‘याला समज थोडी कमी’ असा वास येऊ शकतो. त्यातही ‘अ बिट सिंपल’ म्हटलं की विषयच संपला. तुम्ही ‘बिट’ न म्हणता ‘व्हेरी’ म्हणालात, म्हणजे बाईंच्या हिशेबी प्रकरण आणखी गंभीर.

हे परकं वाटत असेल तर आपलंच वाक्य ऐका. ‘मुलगा साधा आहे’ आणि ‘मुलगा जरा साधाच आहे’. पहिल्यावर पत्रिका जुळवायला घेतात, दुसऱ्यावर मुलीची आई मुलीच्या मामाकडे बघते. शब्द तोच, पण त्या ‘जरा’ने आणि ‘च’ने काम केलं. इंग्रजीत ‘बिट’ तेच करतो. फरक इतकाच की आपला ‘साधा’ अजून टेकूशिवाय घसरत नाही, त्यांचा ‘सिंपल’ कधीकधी आपोआप घसरतो.

‘सिंपल’चं मूळ लॅटिन ‘सिंप्लेक्स’. अर्थ एका घडीचा, एकपदरी. ज्याच्या दोन घड्या तो ‘डुप्लेक्स’, आणि त्याच घरातला ‘डुप्लिसिटी’ म्हणजे दुटप्पीपणा. तेव्हा एका घडीचा माणूस म्हणजे आत एक बाहेर एक नसलेला, ही मुळात स्तुती होती. पण ज्याच्या मनात दुसरी घडी नाही त्याला दुसऱ्याच्या मनातलीही दिसत नाही, आणि तो फसतो. चारदा फसला की लोक त्याला निष्कपट म्हणायचं सोडून बिनडोक म्हणू लागतात. सतराव्या शतकात इंग्रजांनी ‘सिंपल्टन’ असा शब्दच करून टाकला. जर्मन भाषेतही हुबेहूब हेच घडलं. ‘आइनफेल्टिश’ म्हणजे शब्दशः एका घडीचा, आणि आजचा अर्थ बावळट.

पण या घराण्यातला माझा लाडका शब्द ‘सिली’. आज मूल तोंडं वेडीवाकडी करतं त्याला आपण ‘डोंट बी सिली’ म्हणतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याचं रूप ‘सेलिग’च्या जवळपास होतं आणि अर्थ सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये सख्खा भाऊ ‘झेलिश’ अजून त्याच गादीवर बसलाय. तिथे दिवंगत वडिलांविषयी बोलताना हा शब्द लावतात, आपण ‘कैलासवासी’ लावतो तसा. म्हणजे एका आईच्या पोटचे दोन शब्द, एक स्वर्गात, एक वर्गात बाकावर उभा.

हे एका उडीत झालेलं नाही. प्रत्येक पायरी अगदी समजण्यासारखी आहे. देवाची कृपा असलेला म्हणजे पुण्यवान, पुण्यवान म्हणजे निष्पाप. निष्पाप कोण? लेकरू, कोकरू, गरीब विधवा. त्यांच्याकडे बघून काय वाटतं? दया. मग ‘सिली’ म्हणजे बिचारा. बिचारा तो दुबळा, दुबळा तो बुद्धीनेही दुबळा, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सिली’ मूर्ख होऊन बसला. जुने अर्थ लगेच मेले नाहीत. शेक्सपिअरच्या एका नाटकात दरोडेखोरांना बजावलं जातं की ‘सिली’ बायकांना आणि गरीब वाटसरूंना हात लावू नका. तिथे बायका मूर्ख नाहीत, असहाय आहेत. मिल्टनच्या १६२९ सालच्या नाताळावरच्या कवितेत मेंढपाळांचे विचार ‘सिली’ आहेत, म्हणजे भाबडे. आजचा अर्थ घेऊन वाचलं तर कवी मेंढपाळांची टर उडवतोय असं वाटेल.

आपल्याला हा शब्द शाळेच्याही आधी क्रिकेटच्या कॉमेंट्रीने शिकवला. सिली पॉइंट, सिली मिड ऑन. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभं राहणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, म्हणून ‘सिली’. इथे नवाच अर्थ आहे, पुण्याचा संबंध नाही. पण एकनाथ सोलकर हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहून झेल घ्यायचा, २७ कसोटींत ५३, ते आठवलं की वाटतं तिथे उभ्या राहणाऱ्यावर देवाची कृपा असावीच लागते.

जुन्या अर्थाची एक खूण आडनावात उरलीय, ‘सीली’. जॉन रॉबर्ट सीली हे केंब्रिजचे इतिहासाचे प्राध्यापक. त्यांचं १८८३ सालचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: आम्ही अर्धं जग जिंकलं ते जणू बेसावधपणाच्या एका झटक्यात. मराठीत सांगायचं तर विसरभोळेपणाने. आडनावाला जागले म्हणायचे.

आता एक घरचा दाखला, कारण ‘सिली’चा जुळा भाऊ संस्कृतात आहे. गिरनारच्या शिलालेखात सम्राट अशोक स्वतःला ‘देवानंप्रिय’ म्हणवतो, म्हणजे देवांचा लाडका. पतंजलीच्या महाभाष्यातही ‘देवानांप्रिय’ हे कुणाला आदराने संबोधताना येतं. पुढे भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथापर्यंत येईतो नियम असा मिळतो: ‘देवानांप्रिय इति च मूर्खे’. म्हणजे प्रत्यय गाळून ‘देवप्रिय’ न म्हणता असंच्या असं ‘देवानांप्रिय’ म्हटलं की अर्थ मूर्ख! पाणिनीचं मूळ सूत्रच शिवीगाळीत षष्ठीचा प्रत्यय टिकतो असं सांगणारं आहे, त्यामुळे व्याकरणाने शब्दाला आयतीच बैठक दिली. अशोक बौद्ध, म्हणून वैदिकांनी आकसाने त्याच्या पदवीची शिवी केली, असं बरेच जण सांगतात. असेलही. पण ‘सिली’ची वाट बघितल्यावर मला त्या आकसाची फारशी गरज वाटत नाही. देवाचा लाडका म्हणजे मूर्ख, ही पायवाट कुठल्याही भांडणाशिवाय पडते. आपण ‘देवमाणूस आहे हो तो’ म्हणतो तेव्हा आवाज कुठे चढवतो, कुठे पाडतो, त्यावर लक्ष ठेवा. ‘देवभोळा’ तर निम्म्या वाटेवर पोचलाच आहे.

पुन्हा इंग्रजीकडे येऊ. ‘डाफ्ट’ म्हणजे खुळचट, मूळ अर्थ सौम्य, गरीब स्वभावाचा. मजा म्हणजे ‘डेफ्ट’, कुशल हाताचा, हा त्याचाच भाऊ. एकाच शब्दाने दोन उच्चार धरले, एक कारागीर झाला, एक येडबंबू.

‘क्रेटिन’ या शिवीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. आल्प्सच्या खोऱ्यांत अन्नपाण्यात आयोडीन नसल्याने गलगंड आणि बुद्धीची वाढ खुंटलेली माणसं बरीच असत. तिथल्या बोलीत त्यांना म्हणत ‘ख्रिस्ती’ (त्याच शब्दाचा हा ‘क्रेटिन’), म्हणजे हाही आपल्यासारखाच देवाचा माणूस, जनावर नव्हे. त्या माणुसकीच्या शब्दाची शिवी झाली. स्वित्झर्लंडने १९२२ पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली आणि आजार हटत गेला, शिवी राहिली.

शास्त्रज्ञांचेही शब्द सुटले नाहीत. हेन्री गॉडर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये ग्रीक मुळावरून ‘मोरॉन’ हा शब्द मुद्दाम बनवला. प्रौढ वयातही ८ ते १२ वर्षांच्या मुलाइतकी समज असलेल्यांसाठी ती रीतसर वैद्यकीय संज्ञा होती. काही वर्षांत ती रस्त्यावरच्या भांडणात पोचली. त्यानंतर आलेला ‘रिटार्डेड’ही नासला आणि २०१० मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या कायद्यांतून काढून टाकला. आपल्याकडे मतिमंद, मग गतिमंद, मग ‘विशेष’ मुलं, ही रांग तीच. शाळेच्या मैदानावर ‘ए, विशेष!’ अशी हाक कानावर आली तेव्हा मला धस्स झालं होतं.

शब्द नेहमी खालीच घसरतो असं मात्र नाही. तुमच्या शेजारणीचा ‘नाइस’ घ्या. लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे ज्याला माहीत नाही तो. सरळ आपला ‘अज्ञ’. साधारण १३०० च्या सुमारास तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो मूर्ख या अर्थाने. पुढे नखरेल, मग चोखंदळ, मग बारकाईचा, नाजूक, आणि अठराव्या शतकात छान. तिथून इतका छान झाला की चहा नाइस, हवा नाइस, मयताला आलेली गर्दीसुद्धा नाइस. जेन ऑस्टिनच्या एका नायकाने दोनशे वर्षांपूर्वीच याची टिंगल केलीय की हा शब्द हल्ली कशालाही चालतो. ‘नाइस डिस्टिंक्शन’मध्ये तेवढा बारकाईचा अर्थ टिकलाय.

‘फाँड’ही तसाच चढला. आधी अर्थ मूर्ख, मग प्रेमाने मूर्ख झालेला, मग प्रेमळ. म्हातारा किंग लिअर स्वतःला ‘फूलिश फाँड ओल्ड मॅन’ म्हणतो तेव्हा तो ‘प्रेमळ’ म्हणत नसतो, चळलेला म्हणत असतो. ‘फाँड होप्स’चं भाषांतर कुणी ‘प्रेमळ आशा’ असं केलं की मी कपाळाला हात लावतो. ती ‘भाबडी आशा’. आणि हा चढ आपल्याला ओळखीचा आहे. आईची माया ‘वेडी’ असते, गाणं ‘वेड लावतं’, आणि कोल्हापुरात एखादी गोष्ट अगदीच झकास असली की ती ‘नाद खुळा’. मूर्खपणात प्रेम मिसळलं की शब्द वर जातो, दया मिसळली की खाली, असं मला आजवर दिसलंय. नियम म्हणून माझ्या अंगावर टाकू नका.

तर ताई, पुढच्या वेळी ‘सिंपल’ माणसाला लावू नका, त्याच्या राहणीला लावा. ‘ही लिव्ज व्हेरी सिंपली’ किंवा ‘अ मॅन ऑफ सिंपल टेस्ट्स’ म्हटलं की कुणी दंडावर हात ठेवणार नाही. स्वभावासाठी ‘अनअझ्युमिंग’, म्हणजे बडेजाव न मिरवणारा, आहे, ‘डाउन टु अर्थ’ आहे. गंमत म्हणजे सासरे स्वतः ‘आय अ‍ॅम अ सिंपल मॅन’ म्हणाले तर चालतं, उलट विनयी वाटतं. स्वतःविषयी चालणारं दुसऱ्याने म्हटलं की झोंबतं, ‘मी अडाणी माणूस’ हे जसं.

झालेला गैरसमज तुम्ही खुलासा करून वाढवू नका. शेजारणीला एकदा चहाला बोलवा आणि दुकानाची पावती सासऱ्यांच्या हातात द्या. हेड कॅशियरने उभ्या उभ्या बेरीज तपासलेली बघितली की तिचं ती ठरवेल. तोवर मोठ्याने बोलतेय तर बोलू द्या. त्या वयात ते तसंही सोयीचं पडतं.