रायव्हल, डिराइव्ह आणि ओढ्याचं पाणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

इंग्रजी शब्दांच्या लॅटिन मुळांच्या यादीचा फोटो मिळाला. "सर, हे सगळं पाठ करू का?" असं विचारलंयस. नको. शब्द आधी वाचनात भेटू दे, मग त्याचं मूळ बघ. उलट गेलास तर परीक्षेपर्यंत मूळही विसरशील आणि शब्दही.

'रायव्हल' घे. रात्रीची लाइट आली की उसात दारं धरायला जाणाऱ्याला हा शब्द लगेच कळेल. लॅटिनमध्ये 'रिव्हुस' म्हणजे ओढा आणि 'रिव्हालिस' म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी. पाण्याची पाळी कुणाची यावरून बांधावर काय काय होतं, ते तुला मी सांगायला नको. त्या शेजाऱ्याचाच पुढं प्रतिस्पर्धी झाला. 'डिराइव्ह'ही याच ओढ्याचा. 'दे' म्हणजे 'पासून'. ओढ्यापासून पाट काढून पाणी वळवून नेणं हा त्याचा जुना अर्थ. आज आपण सूत्र डिराइव्ह करतो, शब्दाचं डेरिव्हेशन सांगतो.

आता तू म्हणशील, मग 'रिव्हर'पण त्यातलाच. नाही! तो 'रिपा' म्हणजे काठ, या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. 'अराइव्ह'सुद्धा त्या काठाचाच. आधी होडी काठाला लागायची, आता माणूस एसटीनं रंकाळा स्टँडवर उतरला तरी अराइव्ह होतो. नुसत्या दिसण्यावरून शब्दांची सोयरीक जुळवू नकोस. व्युत्पत्ती दिलेला शब्दकोश उघडून खात्री कर.

'अराइव्ह'मध्ये दोन आर का, हा प्रश्न मात्र मोलाचा आहे. मुळात 'अॅड' (म्हणजे 'कडे') अधिक 'रिपा'. पुढच्या आरला गाठून डीचा आर झाला. आठवीत व्यंजनसंधी शिकलास ना, उत् अधिक लेख उल्लेख, सत् अधिक जन सज्जन? अगदी तोच प्रकार. इन अधिक लीगल, इललीगल. इन अधिक मॉर्टल, इम्मॉर्टल. आणि ज्या स्पेलिंगवर निम्मा वर्ग घसरतो ते 'अकॉमोडेट' बघ: अॅड, कॉम आणि 'मोदुस'. अॅडचा डी पुढच्या सीसारखा झाला म्हणून सी दोन, कॉमचा एम आणि मोदुसचा एम मिळून एम दोन. व्यंजनसंधी शिकलेल्या मराठी पोरानं हे स्पेलिंग का चुकावं?

पण प्रत्येक 'इन' नकाराचा नसतो. पुणे-बेंगळुरू हायवेला टँकरच्या मागं 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. तिथं 'इन' म्हणजे आत, आणि 'फ्लामा' म्हणजे ज्वाळा. पेट घेणारं. नकार समजून कुणी शेजारी बिडी पेटवली तर व्याकरण शिकायला शिल्लक राहायचा नाही. तसंच 'पेडल'मधला पाय 'पेडियाट्रिशियन'मध्ये शोधू नकोस. तिथं 'लेकरू' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे.

लॅटिन 'पेस' आणि आपला 'पद', 'देन्स' आणि 'दंत', 'युगुम' आणि बैलांच्या मानेवरचं 'जू' (संस्कृत युग) यांचं साम्य बघून "इंग्रजी संस्कृतातून आली" असं सांगणारे तुला कट्ट्यावर भेटतील. भाषापंडित इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात मांडलं ते वेगळं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात. म्हणजे या भावंडं झाल्या, मायलेकी नव्हेत. इंग्रजीत लॅटिन शिरली ती चर्चमधून, 1066 नंतर इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राजवटीच्या फ्रेंचमधून आणि पुढं पंडितांच्या ग्रंथांतून.

'सॅलरी' मिठावरून आली हे खरं, पण रोमन शिपायांना पगारात मीठच मोजून द्यायचे या गोष्टीला भक्कम पुरावा नाही. ती उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. 'कँडिडेट' मात्र बिनघोर सांग. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूनं पांढरा केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) घालून फिरायचा, आणि 'कान्दिदुस' म्हणजे शुभ्र. (आपल्याकडंही उमेदवारी जाहीर झाली की इस्त्रीवाल्याचं काम वाढतंच.)

आणि मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला, असं धरू नकोस. 'नाइस'चं मूळ 'नेस्किउस', म्हणजे अडाणी. मैत्रिणीला नाइस म्हणालास तर ती काही व्युत्पत्ती काढत बसणार नाही.

या आठवड्यात एवढंच कर. रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना 'पोर्ट' असलेले शब्द वहीत उतर. काहींत 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं असेल, काहींत 'पोर्तुस' म्हणजे बंदर. वेगवेगळे लाव. 'अपॉर्च्युनिटी' कुठल्या बाजूला बसते ते करवीर नगर वाचन मंदिरात बसून शोध आणि रविवारी फोनवर सांग. वाऱ्याचा काहीतरी संबंध आहे, एवढं आत्ता सांगून ठेवतो.

आईला नमस्कार.

तुझे सर