“आपल्यात असंच असतं”

मस्कत

सई,

तुझा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऑफिसातून येताना बसमध्ये ऐकला, मग घरी येऊन पुन्हा ऐकला. पहिल्यांदा नुसता राग ऐकू आला, दुसऱ्यांदा प्रश्न. फोनवर बोलले असते तर मी मध्येच आजीची बाजू घेतली असती. ती माझी आई आहे, ते आपोआप होतं. म्हणून लिहिते आहे.

तू सांगितलंस ते असं. घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ काकूआजीने केली, हरभरे तिने भिजवले, पन्ह्यात वेलची किती तेही तिनेच सांगितलं. गल्लीतल्या बायका यायला लागल्या तशी ती पदराला हात पुसत उठली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. तू तिला बोलवायला निघालीस तर आजी म्हणाली, “राहू दे, आपल्यात असंच असतं.” त्यातच पुढच्या आठवड्यात तुझी वादविवाद स्पर्धा. विषय असा की संघटित धर्माने माणसाचं भल्यापेक्षा नुकसानच जास्त केलं. तू विषयाच्या बाजूने बोलणार. आणि शेवटी मला विचारलंस, “आपल्यात म्हणजे कुणात? हे ठरवलं कुणी? आणि तू तिथे लांब जाऊन अजून हे सगळं मानतेस का?”

शेवटचं आधी सांगते. संध्याकाळी दिवा लावते. लावला नाही तर काही बिघडेल असं वाटत नाही, पण दिवा लावल्यावर घर आपलं वाटतं. आषाढीचा उपवास करते, त्यात भक्ती किती आणि साबुदाण्याची खिचडी किती, हे तुझे बाबा चांगलं जाणतात. देव आहे की नाही यावर माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं. तेवढ्यावरून तुला बरी माणूस किंवा वाईट माणूस काही ठरवता येणार नाही.

आता विषय. मुद्दे लिहायला बसण्याआधी एका रविवारी आजोबांना घेऊन आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर जा. वर जाताना ग्वाल्हेर गेटकडून पायी जा आणि उतरताना उरवाई गेटकडून उतर. हे मुद्दाम सांगते आहे.

चढताना डाव्या-उजव्या हाताला बघत चाललीस तर खडकात कोरलेलं एक लहानसं चतुर्भुज मंदिर लागेल. लोक तिथे दम खायला थांबतात आणि आत न बघता पुढे जातात. आतल्या शिलालेखात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ ची नोंद आहे: देवळाला फुलबाग दिली, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि त्या बागेतून देवाला रोज ५० माळा मिळाव्यात. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच छोटं गोल आहे. भारतात इतकं जुनं, तारखेसकट सापडलेलं, असं लिहिलेलं शून्य फार थोड्या ठिकाणी आहे. जगभरचे गणिती ते बघायला येतात आणि आपण लष्कर भागातले लोक आयुष्यभर खालून जातो. मीही लग्न होईपर्यंत आत डोकावले नव्हते.

मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. ते शून्य कुणी मोठ्या ज्ञानासाठी खोदलेलं नाही, ते देवळाच्या हिशेबातलं आहे. बाग केवढी, माळा किती, कुणी द्यायच्या. तुझ्या विषयातला “संघटित” हा शब्द मला तिथे कळला. संघटित म्हणजे वही ठेवणारा. नुसती श्रद्धा असती तर कुणीतरी एक फूल वाहून घरी गेला असता. वही होती म्हणून रोज ५० माळा, पुढे अन्नछत्र, धर्मशाळा, वेदशाळा. पण तीच वही कोण आत, कोण बाहेर याचीही नोंद ठेवते.

आता उरवाईकडून उतर. कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतील, सगळ्यात उंच जवळजवळ सत्तावन्न फूट. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात कोरलेल्या. राजे हिंदू, मूर्ती जैनांच्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे बाबर आला. त्या मूर्ती फोडायला सांगितल्याचं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, जरासुद्धा न लाजता. नीट बघितलंस तर काही चेहरे बाकी अंगापेक्षा वेगळे दिसतील. जैनांनी नंतर चुन्याने पुन्हा घडवलेले आहेत ते.

एवढं बोलून थांबलीस तर टाळ्या मिळतील, कारण त्यात दोष दुसऱ्यांचा आहे. म्हणून एक आपल्यातलंही सांग. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर जे पिस्तूल चाललं ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरात मिळवलेलं होतं. मिळवणारे मराठी बोलणारे, धर्म वाचवायला निघालेले. आमच्या लहानपणी वाड्यात हा विषय निघाला की कुणीतरी लगेच “चहा टाकू का?” विचारायचं. तू आजोबांना विचारून बघ, तेही चहाच विचारतील.

आणि याच गावात डिसेंबरात तानसेन समारोहाची सुरुवात कशी होते ते तू दरवर्षी बघतेस. सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात, तानसेनच्या थडग्याशी, सकाळी सनई, मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा, मग मिलाद, मग चादर. मराठी कीर्तनकार मकबऱ्यात उभे राहून नामाचा महिमा सांगतात आणि मौलवी बसून ऐकतात. तुला त्यात नवल वाटत नाही कारण तू तिथेच वाढलीस. इथे मी एका पुणेकर बाईंना सांगितलं तर त्यांना मी थाप मारते आहे असं वाटलं. पानिपतावर जखमी पडलेल्या महादजी शिंद्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणणारा राणेखान पाणक्या होता आणि महादजींनी त्याला जन्मभर भाऊ म्हटलं, तेही त्यांना खरं वाटेना. निसार हुसेन खाँ हे उस्ताद आपल्या ग्वाल्हेरच्या शंकर पंडितांच्या घरी राहून त्यांना गाणं शिकवत, हे सांगायच्या आतच मी गप्प बसले.

म्हणजे बेरीज-वजाबाकी करायला गेलीस तर एकाच किल्ल्यावर दोन्ही बाजूंना रकाने भरतील. तुझे प्रतिस्पर्धी म्हणतील की स्टालिनने आणि माओने देव न मानता कोट्यवधी मारले. तू फाळणी काढशील. घंटा होईल. त्यात मला रस नाही, खरं सांगते. मला मागच्या खोलीबद्दल बोलायचं आहे.

माझ्या लहानपणी आपल्याच घराच्या मागच्या खिडकीच्या गजाआड एक कान तुटलेला कप असायचा. तो संडास साफ करायला येणाऱ्या जमादारीणबाईंचा. त्यांचं अंगण झाडून झालं की मी त्यात वरून चहा ओतायचे. हात उंच धरायचा, कपाला किटली लागू द्यायची नाही. मला ते छान जमायचं आणि आजी कौतुक करायची, “एक थेंब सांडत नाही पोरीचा.” मी सात वर्षांची होते. कुणी मला जात म्हणजे काय ते समजावलं नव्हतं, फक्त हात किती उंच धरायचा ते शिकवलं होतं. कधीतरी तो कप फुटला आणि नवा ठेवला गेला नाही. वाईट वाटून नव्हे, घरात फ्लश आला म्हणून. आज ते आठवलं की मला हातातच लाज वाटते, डोक्यात नाही.

इथे आल्यावर मला वाटलं होतं की धर्म नसेल तिथे हे नसेल. आमच्या ऑफिसात दोन वॉटर कूलर आहेत. एक आमच्या मजल्यावर, एक खाली शेडमध्ये मजुरांना. पाटी कुठेच नाही, नियम कुठेच लिहिलेला नाही, कुठला ग्रंथ त्यात आडवा येत नाही, तरी खालचा माणूस वर येऊन पाणी पीत नाही. तेव्हा माणसाला वेगळं काढायला धर्मच लागतो असं नाही, हे तुझ्या विरोधकांना आयतं देऊन टाकते. पण एक फरक आहे आणि माझ्या मते तुझं सगळं भाषण त्या फरकावर उभं राहायला हवं. खालचा मजूर पाणी पिताना मनात आम्हाला शिव्या देतो. त्याला ठाऊक आहे की हा अन्याय आहे. काकूला कुणी उठवलं नाही, ती आपणहून उठली. आपली सावली गौरीवर पडू नये म्हणून. जिचं नुकसान होतं तिलाच ते पुण्याचं काम वाटायला लावणं, हे कूलरला जमत नाही. ते धर्मालाच जमतं.

ती सव्वीस वर्षांची होती गं. काका गिरणीतून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि संपले. तेव्हापासून या घरातली प्रत्येक पुरणपोळी तिने लाटली आहे आणि एकाही सवाष्णीच्या पंगतीत ती बसलेली नाही.

आजीवर फार रागावू नकोस. आजोबांचं ब्लडप्रेशर वाढलं की आजी देवापुढून हलत नाही, तुला ते प्रेम वाटतं, आणि आहेच. पण तिने चाळीस वर्षं आपल्या जावेची जागा पाहिली आहे. मागची खोली किती लहान आहे हे तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता उलट बाजू, कारण ती लपवली तर मी तुझ्याशी खोटं बोलेन. हीच काकू दर एकादशीला भजनी मंडळात पेटीवर बसते. नऊ-दहा बायका तिच्या मानेच्या इशाऱ्यावर थांबतात आणि उचलतात. तिथे कपाळाकडे कुणी बघत नाही. चौथीत शाळा सुटली होती तिची, वाचायची सवय तिला पोथ्यांनी लागली. तिला जर कुणी येऊन सांगितलं की काकू, धर्मानेच तुमचं वाटोळं केलं, सोडा तो, तर ती पेटी कुठे ठेवेल? ज्याने तिला मागच्या खोलीत बसवलं त्यानेच तिला मंडळात पुढे बसवलं. म्हणून मला तो रकान्यांचा हिशेब जमत नाही.

तू विचारलंस, ठरवलं कुणी. आपल्यात असंच असतं म्हणणारे पुष्कळ झाले, पण असं का म्हणणारेही आपल्यातलेच होते, आणि त्यांनाही धर्माचीच भाषा येत होती. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही आणि मेल्यावर समाधी दिली ती महाद्वाराच्या बाहेर, पायरीशी. त्या देवळाचं दार दलितांना उघडलं ते १९४७ मध्ये, मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केल्यावर. सहाशे वर्षं! तोवर वारी दरवर्षी जातच होती, टाळ वाजतच होते, आणि चोखोबांचे अभंगही त्यात गायले जातच होते.

आणि आंबेडकर. आपल्याच मध्य प्रदेशात, महूला जन्मलेले. काळारामाच्या दारात १९३० पासून सत्याग्रह केला, दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. इतकं सोसलेल्या माणसाने धर्म ही वस्तूच नको म्हटलं असतं तर कुणाची बोलायची छाती नव्हती. त्यांनी एकवीस वर्षं विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बुद्धाचा धम्म घेतला, लाखोंना बरोबर घेऊन. तू विषयाच्या बाजूने बोलणार असशील तर या एका गोष्टीला तुला उत्तर द्यावं लागेल. तुझा मेसेज ऐकल्यापासून मी शोधते आहे, मला अजून मिळालेलं नाही.

“आपल्यात असंच असतं” हे बदलतंही, आणि फार साध्या रीतीने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की विधवा झालेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. ना शंकराचार्यांना विचारलं, ना पोथी काढली. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं. ते एक खेडेगाव आहे, सई. आपण महाराज बाड्यापासून, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापासून, दहा मिनिटांवर राहतो आणि घरात तीन पदवीधर आहेत.

काल मी आजीला फोन केला. तुझं नाव न घेता विषय काढला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “तिने कधी म्हटलं नाही गं.” मी म्हटलं, “तू कधी विचारलंस?” त्यावर तिने गॅसवर दूध आहे असं सांगून फोन काकूकडे दिला. दूध रात्री साडेनऊला नसतं आपल्याकडे.

मग मी काकूलाच विचारलं, सरळ. अक्षय्य तृतीयेला सईने तुला कुंकू लावलं तर चालेल का? माझ्या डोळ्यांपुढे मोठं दृश्य होतं, तू कुंकू लावते आहेस, बायका बघताहेत, काकूचे डोळे भरून आले आहेत. ती हसली. म्हणाली, “कुंकू नको बाई आता, कपाळाला सवय नाही राहिली. चिकटल्यासारखं होईल.” मला काय बोलावं सुचेना. मग तीच हळू आवाजात म्हणाली, “पण पन्हं पुढच्या खोलीत प्यायला मिळालं तर बरं. मागच्या खोलीतला पंखा केव्हाचा बंद आहे.”

अक्षय्य तृतीयेला अजून अकरा दिवस आहेत. पुढच्या खोलीत गौरीच्या उजव्या बाजूला वेताची खुर्ची ठेव, तिला खाली बसून उठायला त्रास होतो. आजी काही म्हणाली तर मला फोन लाव आणि स्पीकरवर ठेव.

आणि आजोबांना सांगून पंखाही दुरुस्त करून घे.

आई