आईला राजगीरचा डोंगर झेपेल का?

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आईला काशी-गयेला नेतोय. मधला एक दिवस राजगीरला द्यावा असं मनात आहे. आई ७२ वर्षांची, गुडघे धरलेले. मेहुणे म्हणतात, डोंगरावर पांढरा घुमट आहे, फोटोत पाहिला तरी तेच. जावं का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : जरूर जा. मी सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. चढायचं नाहीच, रोपवे आहे. आम्ही गेलो तेव्हा एकेकट्याने बसायच्या खुर्च्या होत्या, आणि त्या थांबत नाहीत. सासूबाईंनी पदर खोचला, चपला काढून हातात घेतल्या. तिथल्या माणसाने त्यांना चालत्या खुर्चीत अलगद बसवून पुढची दांडी लावून दिली. आता बंद डब्यांचा रोपवेही झालाय, आईंना त्यातच बसवा.

हा डोंगर रत्नागिरी. वरचा विश्वशांती स्तूप १९६९ साली पुरा झाला. चार दिशांना बुद्धाच्या चार सोनेरी मूर्ती आहेत : जन्म, बोधी, उपदेश आणि महापरिनिर्वाण. हिरोशिमा-नागासाकीनंतर जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी यांनी शांतीसाठी जगभर स्तूप उभारायचं व्रत घेतलं, त्यातला हा एक. याच डोंगराच्या अंगाला गृध्रकूट ही टेकडी आहे. ज्या सद्धर्मपुंडरीक सूत्रावर, म्हणजे ज्या बौद्ध ग्रंथावर, फुजींची सारी श्रद्धा, ते बुद्धाने तिथेच सांगितलं अशी परंपरा आहे. तिथे जायला पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा तुम्ही एकटेच जाऊन या.

तोवर आईंना शेजारच्या जपानी मंदिरात बसवा. सासूबाई तिथे नुसत्या टेकायला म्हणून बसल्या होत्या. एक भिक्षू ढोलावर संथ ठेका धरून मंत्र म्हणत होते. सासूबाई एकदम ताठ झाल्या. ‘अगं, हे तर आमच्या सेवाग्रामचं!’ त्यांचं बालपण वर्ध्याचं. फुजी गुरुजी गांधीजींना वर्ध्याला भेटले होते आणि त्यांचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ (त्याच सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र) आश्रमाच्या प्रार्थनेत आला, तो तिथे आजही म्हणतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून ऐकलेला तो मंत्र सासूबाई त्या ठेक्यावर हळू आवाजात म्हणू लागल्या. हात मांडीवर ताल धरत होता. मी गृध्रकूटाला जायचं रद्द केलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.

मेहुण्यांच्या फोटोत हा ढोल कुठून येणार? सकाळी लवकर वर जा आणि मंदिराला निदान अर्धा तास द्या. फरशी गार असते, आईंसाठी घडीची सतरंजी बरोबर ठेवा.